मला हळद लागली त्याची गोष्ट

मी एक कागद बोलतोय. शिवांगीला वाटलं होतं, मला वाचून माणसं गहिवरतील आणि लढ्याला हातभार लावतील. प्रत्यक्षात उदगीरच्या माणिकप्पा मामांनी मला न वाचताच देवापुढे ठेवलं आणि स्वतःसाठी नवा फेटा आणला.

शिवांगी पाच वर्षं दिल्लीत शिकून मुखेड तालुक्यातल्या आपल्या गावी परतली, तेव्हा बाजारात मिरच्या विकणाऱ्या सिंधुकाकू ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या होत्या. पत्रकं छापायला, रिक्षावर भोंगा लावायला पैसा नव्हता. नातलगांना मदतीचं पत्र लिहू, असं शिवांगीनं ठरवलं आणि सात खर्डे केले. पहिल्यात 'संरचनात्मक' हा शब्द तीनदा होता. काकूंनी ऐकून विचारलं, "हे कोणत्या रोगाचं नाव हाय?"

सातव्या खर्ड्यात मधोमध एकच खरी ओळ उरली: 'बाजारात बसणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला आडोसा नाही.' खाली, रविवारी अकराला आमच्या दारी यावं, यथाशक्ती मदत करावी, एवढंच.

छापखान्यात लग्नसराईतून उरलेला पिवळा जाड कागद स्वस्तात मिळाला. तोच मी. घरी येताच शिवांगीच्या आईनं, गंगम्मांनी, माझ्या आणि माझ्या भावंडांच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. शिवांगी चिडली. हे राजकीय आवाहन आहे, असं तिनं ठणकावून सांगितलं.

"असू दे की," गंगम्मा म्हणाल्या. "माणसं दारी बोलवायची आन् कागद कोरा धाडायचा? आपल्यात असं न्हाई."

मी मामांच्या हाती पडलो. मामांनी हळद पाहिली, तारीख पाहिली, 'आमच्या दारी' पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. भाचीचं लग्न ठरलं आणि मामाला विचारलंसुद्धा नाही! मामा रुसले. रुसलेला माणूस बहिणीला फोन करत नाही, बाकी सगळ्यांना करतो. दोन दिवसांत बातमी देगलूरपर्यंत गेली. माझी भावंडं घरोघरी पोचली होती, पण ठाऊक असलेली गोष्ट कोण वाचत बसतं?

रविवारी शिवांगीनं दहा खुर्च्या मांडल्या होत्या. नव्या कपड्यांत साठ माणसं आली. पुढे मामा, त्यांच्या खिशात मी.

"नवरदेव कुठंय?" मामांनी विचारलं.

सिंधुकाकू मिरचीच्या पोत्यावरून उठल्या. "नवरदेव न्हाई, उमेदवार हाय. मीच."

मामांचा चेहरा पोत्यातल्या मिरच्यांसारखा झाला. पण आहेर कुणी दारातून परत नेत नाही. पाकिटांचा ढीग बाजेवर पडला. गंगम्मांनी घाईनं पिठल्याचं पातेलं चढवलं. मामांनी मला बाजेवर आपटलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले.

मला उचललं ते रत्नम्मा मामींनी, वारा घ्यायला. वारा घेता घेता त्यांचा हात थांबला. त्यांनी मला दोनदा वाचलं. मग कमरेची पिशवी सोडून काही नोटा काकूंच्या हातात दिल्या. "माहेरी मीबी बाजारात बसायची," त्या हळूच म्हणाल्या. "हा आहेर न्हाई."

शिवांगी ते बघत उभी होती. पाहुणे गेल्यावर गंगम्मांनी तिला समजावलं, मतदान दहा दिवसांवर आलंय, आलेली लक्ष्मी ठेव. काकूंनी ढिगाकडे पाहिलं. त्यांचा भोंगा त्यातच होता.

मी तिथंच पडून विचार करत होतो. माझे चारही कोपरे पुजले गेले आणि मधली ओळ साठांतल्या एकीनं वाचली, तीही उकडत होतं म्हणून. बाबांनो, हळद लागली की कागद वाचायचा नसतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवांगीनं सगळी पाकिटं पिशवीत भरली. मामींच्या नोटा तेवढ्या काकूंकडे राहिल्या.

"लग्न नसताना आहेर ठेवला, तर निवडून आल्यावर आपण काय काय ठेवू?" ती काकूंना म्हणाली. "घरोघरी जाते. आधी कागद वाचून दाखवते, मगच पाकीट परत देते. पुढं ज्याची त्याची मर्जी."

काकूंनी पिशवी उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "उदगीरची गाडी आठला हाय."

शिवांगीनं मला पिशवीत सगळ्यांत वर ठेवलं आणि दारातून मागे वळली.

"आई, करंडा दे. पाकिटांना कुंकू लावायचं राहिलं."