सोमवार-गुरुवारचा खुनी

सुयोग परबला ऐंशीच्या दशकातल्या खूनपटांबद्दल सगळं माहीत होतं. ते दशक संपल्यावर बऱ्याच वर्षांनी तो जन्मला होता, पण असल्या किरकोळ तपशिलाला त्याने आपल्या आत्मविश्वासाच्या आड कधी येऊ दिलं नाही. अंधेरीच्या दीड खोलीत त्याने जुन्या कॅसेटींवरून उतरवलेले त्रेसष्ट सिनेमे पाहिले होते. प्रत्येक वेळी मागे आई भाजी निवडत बसलेली.

"एवढ्या मोठ्या बंगल्यात एकटीच राहते," नलिनीबाई म्हणायच्या. "केर कोण काढतं?"

"आई, तिच्या मागे खुनी उभा आहे."

"मग त्याला सांग म्हणावं. रिकामाच दिसतोय."

दीड खोलीत असा सिनेमा घडूच शकत नाही, हा सुयोगच्या आगामी पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचा विषय होता. खुनी कितीही दबा धरून बसला तरी बळी एकटा सापडायचा कधी? संडासाबाहेरही कोणीतरी ‘अजून किती वेळ’ म्हणत उभंच असतं.

पण पुस्तकाचा जीव होता तिसऱ्या प्रकरणात. ‘कडी आतून’ नावाचा सिनेमा, मढच्या एका बंगल्यात शूट झालेला, थेटरात तीन दिवस टिकलेला आणि मग सगळ्यांनी एकमताने विसरलेला. त्यात पाच खून होते. खुनी काळ्या कोटात, काळ्या हातमोज्यांत. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. सुयोगने तो एकोणीस वेळा पाहिला आणि एकोणिसाव्या वेळी त्याला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, रोज एक पान फाडायचं असतं तसलं. पाचही खुनांच्या वेळी त्यावर वार होता सोमवार नाहीतर गुरुवार.

सुयोगने सिद्धान्त मांडला. खुन्याची आई कडक. सोमवारी आणि गुरुवारी घरात मासमच्छी बंद. ती दडपलेली भूक मोठेपणी त्याच दिवशी कोयता घेऊन बाहेर पडते. शिवाय प्रत्येक खुनाआधी खुनी कोयत्याचं पातं लाकडावर दोनदा आपटतो, टक टक. ही आईच्या बंद दारावरची लहानपणीची थाप. सगळी मिळून सत्तेचाळीस पानं झाली.

रविवारी कांदिवलीच्या एका वाचनालयात त्याचं यावर व्याख्यान होतं. ऐकायला प्रकाशनाच्या संपादक अनुपमा सामंत येणार होत्या. फोनवर त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "तिसरं प्रकरण पटलं तर पुस्तक घेते. नाही पटलं तर तुझ्या आयुष्यात दुसरं काहीतरी छान घडो."

शनिवारी सकाळी आईने त्याला चार बंगल्याच्या मच्छी मार्केटात सुरमई आणायला पाठवलं. अंजनाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. वेसाव्याच्या, साठीच्या पुढच्या, गिऱ्हाइकाला बघून मासा न देता मासा बघून गिऱ्हाईक ठरवणाऱ्या. त्यांनी सुरमई ओंडक्यावर ठेवली, कोयत्याचं पातं आडवं धरून दोनदा आपटलं, टक टक, आणि मनगट किंचित वळवून तुकडा पाडला.

सुयोगच्या हातातली पिशवी खाली पडली.

"मावशी, परत करा ना."

"कापलेला मासा परत नाय घेत मी."

"मासा नाही. ते टकटक."

"खवलं झटकते रं. पात्याला चिकटली का हात घसरतो."

त्याने मोबाईलवर दुसरा खून लावून त्यांच्यापुढे धरला. अंजनाबाईंनी हात पुसले, डोळे बारीक केले, आणि हरवलेली छत्री ओळखावी तशा म्हणाल्या, "हा माजा हात हाय."

मग कळलं ते असं. खुन्याचं काम करणाऱ्या नटाला कोयता धरता येत नव्हता. तालमीत त्याने भोपळ्याऐवजी स्वतःचा अंगठा कापला. तेव्हा दिग्दर्शक हात शोधत वेसाव्याच्या बंदरावर आला. अंजनाबाईंचा नवरा हरेश्वर त्यांना होडीने मढला सोडायचा. त्या कोट चढवायच्या, खून करायच्या आणि घरी येऊन भात टाकायच्या.

"पण सोमवार-गुरुवारच का?" सुयोगने विचारलं.

"सोमवार-गुरुवारी मासा कोन घेतो रं बाला? धंदा नाय, म्हनून खून." त्यांनी सुरमई पिशवीत घातली. "आनि बंगल्याचा माली लय शिस्तीचा व्हता. रोज सकाली कॅलेंडरचा पान फाडायचा."

सुयोग कोळंबीच्या टोपल्यांशेजारी उभा राहिला. सत्तेचाळीस पानं डोळ्यांसमोर एकेक करून बुडत होती. गप्प बसणं सोपं होतं. अनुपमाताईंना माहीत नव्हतं, जगाला माहीत नव्हतं, आणि अंजनाबाईंना हे माहीत करून घ्यायची हौस नव्हती. पण त्रेसष्ट सिनेमांनी त्याला एक गोष्ट शिकवली होती. ज्याला खुनी कोण ते कळलेलं असतं आणि जो ते सांगत नाही, तो मध्यंतरानंतर दहा मिनिटांत मरतो.

"मावशी, उद्या कांदिवलीला याल? लोकांसमोर सांगायला?"

"उद्या रविवार. येडा झाला का काय तू?"

त्याने तिथूनच फोन लावला. "ताई, व्याख्यान सोमवारी ठेवूया. रविवारी खुन्याला वेळ नाही."

अनुपमाताईंनी पंधरा वर्षं कवींची पुस्तकं काढली होती. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता हॉलमध्ये अकरा माणसं होती, त्यातली दोन पंख्याखाली पेपर वाचायला आलेली. अंजनाबाई लग्नाला निघाल्यासारख्या नटून पहिल्या रांगेत बसल्या. सुयोग उठला. त्याने सत्तेचाळीस पानांचा सिद्धान्त दीड मिनिटात सांगितला, आणि मग म्हणाला, "हे सगळं चूक आहे. बरोबर काय ते या सांगतील. पाचही खून यांनी केलेत."

पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली ठेवले. अनुपमाताईंचा चेहरा तसाच राहिला, त्यामुळे सुयोगला काही कळेना.

पडद्यावर पहिला खून झाला. अंजनाबाई आपला सिनेमा पडद्यावर प्रथमच बघत होत्या. "हा बरा जमलाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्याला नाक मुरडलं. "यो पापलेटासारखा धरला मी. मानूस कसा धरायचा कोनी शिकवलाच नव्हता."

तिसऱ्या खुनात खुनी कोयता उगारून बराच वेळ थांबतो. सुयोगला राहवेना. "इथे बघा, खुन्याच्या मनातलं द्वंद्व..."

"दंद्व नाय," अंजनाबाई म्हणाल्या. "त्या पोरीचा सोमवार व्हता, कडक. पान्याचा थेंब नाय घेतला सकालपासून. चक्कर आली तिला. मी थांबले, कोनीतरी पानी द्या म्हनून."

सगळ्यांनी नीट बघितलं. खरंच, नटी कोयता खाली यायच्या आधीच भिंतीवरून घसरत होती.

"म्हणजे ती मेली कशाने?" वाचनालयाचे चिटणीस चंद्रप्रकाश यांनी विचारलं. त्यांना नोंद ठेवायची सवय होती.

"उपासानं," अंजनाबाई म्हणाल्या.

पाचवा खून संपला, दिवे लागले. टाळ्या अंजनाबाईंना मिळाल्या. अनुपमाताई चष्मा पुसत सुयोगजवळ आल्या.

"पुस्तक घेते," त्या म्हणाल्या. "ती सत्तेचाळीस पानं काढ. तिथे यांना बोलू दे."

"आणि माझं विश्लेषण?"

"तळटीप."

सुयोगने विचार केला. "किती ओळींची?"

"तीन."

"ठीक आहे. तेवढ्यात बसवतो," तो म्हणाला, जणू त्यानेच त्यांच्यासाठी पदरमोड केली होती.

मग त्याने खुर्ची ओढून अंजनाबाईंसमोर मांडली आणि कोरी वही उघडली. "मावशी, पहिल्या दिवसापासून सांगा."

"पयल्या दिशी मना कोनी चा नाय इचारला," अंजनाबाई म्हणाल्या. "हिरोनीला दिला, मालीला दिला. खून मी केला आनि चा मालीला. ह्ये आधी लिव."

यावरही सुयोगकडे एक सिद्धान्त तयार होता. तो त्याने गिळला आणि चहाचं लिहून घेतलं.