आईचा रंग

पक्षिघराच्या उथळ तळ्यात बारा वर्षं राबून त्याच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या, म्हणून सगळे त्याला बगळोबा म्हणत. सांभाळायचा मात्र फ्लेमिंगो. बगळा तिथे औषधालाही नव्हता.

यंदा चिखलाच्या ढिगांवर घातलेल्या अंड्यांतून एकच पिल्लू निघालं. बगळोबाचा आनंद गगनात मावेना. कुंपणाखालून शिरलेल्या कुत्र्याने नर नेला होता, त्यामुळे पिल्लाचं सगळं आईवरच. ही पाखरं पिल्लाला घशातलं लाल दूध पाजतात आणि पाजता पाजता स्वतःचा रंग घालवून बसतात. दोन महिन्यांत मादी पार पांढरी पडली. बगळोबाने रोजच्या तक्त्यात कौतुकाने लिहिलं, 'आईचा रंग उतरला.' कुणी विचारलं होतं का? पण हात शिवशिवले.

नव्या साहेबांच्या नियमात रंग उतरला म्हणजे आजार. दुपारी माणसं जाळी घेऊन आली आणि मादीला मागच्या खोलीत कोंडलं. साठ दिवसांसाठी.

"साहेब, ती आजारी नाही हो, लेकुरवाळी आहे! दुसरी पाखरं परक्या पिल्लाला पाजत नाहीत."

"मग तक्त्यात लिहिलं कुणी? तुम्हीच ना?"

बगळोबा म्हणाला, "निदान पिल्लाला तरी तिच्यापाशी ठेवा."

"आजाऱ्यापाशी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

बगळोबाने अंडं आणि कोळंबी वाटून पिचकारीने भरवून पाहिलं. पिल्लू सगळं बाहेर काढी. आतून आई हाक मारी, बाहेरून ते ओ देई, आणि हा मधल्या भिंतीला टेकून बसे. कुलपाची किल्ली साहेबांच्या खिशात. सहाव्या सकाळी पिल्लू त्याच भिंतीपाशी पडलेलं सापडलं. बगळोबा ओक्साबोक्शी रडला. आपल्याच अक्षराने घात केला, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

साठाव्या दिवशी दार उघडलं. मादीच्या पंखांवर पुन्हा गुलाबी झाक आली होती. पाजायला कुणी उरलंच नव्हतं, मग रंग जाणार कुठे?

"बघा, झाली की नाही बरी?" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "लिहा तक्त्यात."

बगळोबाने लिहिलं, 'रंग परत आला.'

मादी तळ्याकडे गेलीच नाही. भिंतीपाशी उभी राहून ती हाका मारत होती.