चौकोन की हंस?

मी बंगल्यापुढच्या कुंपणाची मेंदी बोलतेय. आवाज चढा वाटला तर वाटू दे. एक्केचाळीस वर्षं माणसांचं निमूट ऐकून घेतलंय.

मला लावलं ते या घरातल्या म्हातारबुवांच्या वडिलांनी. "कंबरेइतकी ठेवायची, दोरी धरून कापायची," एवढं शहाणपण मुलाला देऊन ते गेले. मुलगा पडला आज्ञाधारक. दर रविवारी दोन खुंट्यांना दोरी ताणायची, एक डोळा मिटायचा आणि वर आलेलं पान न् पान उडवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं, "वडिलांच्या वेळेपासून सुताचा फरक नाही." टोकांना जरा कळी धरावी, तर रविवार हजर. आणि वर हेच गृहस्थ छातीठोकपणे सांगणार, "या जातीला फुलंच येत नाहीत." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग सून आली. "बाबा, हे काय पट्टीनं आखल्यासारखं? बाग कशी आपली वाटली पाहिजे!"

मला वाटलं, सुटले. कसलं काय! बाईंना माझे हंस करायचे होते. तेही पाच. मासिकातलं चित्रसुद्धा कापून ठेवलं होतं. सासऱ्यांना चौकोन हवा, सुनेला हंस. मी झाड आहे, हे दोघांच्याही डोक्यात शिरेना. त्यावरून घरात रोज धुसफूस.

अशात म्हातारबुवा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचा हात प्लास्टरमध्ये गेला. "मी बरा होईपर्यंत मेंदीला कुणी कात्री लावायची नाही," अशी त्यांनी ताकीद दिली. आठ-दहा रविवार कोरडे गेले. आणि मी फुलले. चांगली गच्च फुलले.

प्लास्टर निघालं त्या सकाळी ते दोरी घेऊन बाहेर आले आणि थबकले.

"सूनबाई, वास कसला येतोय गं?"

"मेंदी फुललीय, बाबा."

त्यांनी वाकून नाक लावलं. पुन्हा एकदा लावलं.

"म्हणजे दरवर्षी आली असती ही फुलं?"

"आली असती," ती हळूच म्हणाली. म्हातारबुवा दोरी मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

मला त्यांची दया यावी, असं तुम्हाला वाटत असेल. नाही येत. आता दोघं सकाळ-संध्याकाळ येऊन वास घेतात आणि म्हणतात, "बहर ओसरू दे, मग बघू."

म्हणे बघू! चौकोन करा नाहीतर हंस करा, पण कळ्या धरायच्या दिवसांत हात आवरा. एवढंच मागतेय. तेही या दोघांपुढे तोंड वेंगाडून मागावं लागतंय, याचीच मला शरम वाटते.