चिठ्ठीवाल्यांचा गेमिंग कॉम्प्युटर

कारखान्याच्या भांडारात पस्तीस वर्षं काढली, तेव्हापासून त्यांना सगळे चिठ्ठीवाले म्हणत. नटापासून पंपापर्यंत प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर तो घरात शिरला. बायको होती तोवर ती साखरेची चिठ्ठी मिठाच्या डब्याला बांधून गंमत बघायची. आता चिठ्ठ्या जिथल्या तिथे असतात. घर शिस्तीत आहे. इतकं, की त्यात बसवत नाही.

मुलगा परगावी. दर रविवारी त्याचा फोन. "गोळी घेता ना?" "घेतो." "बरंय, ठेवतो." चिठ्ठीवाल्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. चाळीस सेकंद.

एका रविवारी तो ठेवायच्या आत ते घाईघाईने म्हणाले, "मला गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवायचाय. स्वस्तातला."

याच वस्तूसाठी शाळेत असताना या मुलाने पंधरा दिवस अबोला धरला होता, आणि चिठ्ठीवाल्यांनी वस्तू न घेता तो जिंकलाही होता.

"तुम्ही? गेम खेळणार?"

"मोटारी पळवीन म्हणतो. परवाना लागत नाही ना?"

मुलगा हसला. त्या दिवशी फोन पन्नास मिनिटं चालला. मग रोज संध्याकाळी चालू लागला.

"बाबा, स्वस्तातला म्हणजे सगळंच स्वस्त नव्हे. पॉवर सप्लायमध्ये काटकसर कराल तर तो बाकीच्यांनाही घेऊन जाईल."

"कुठे?"

"भंगारात!"

यादी पुरी होत आली की चिठ्ठीवाल्यांना शंका येई. "सोळा जीबी रॅम पुरेल ना रे?"

"मागच्या आठवड्यात पुरेल म्हणालो होतो."

"मागच्या आठवड्यात मी तरुण होतो."

ग्राफिक्स कार्ड नवं की वापरलेलं, यावरच दोन महिने गेले. दुकानदार वैतागला. "काका, एवढ्यात लोक लग्न जमवतात."

"लग्नात माल बदलून मिळत नाही, म्हणून उरकून टाकतात."

शेवटी मुलानेच दटावलं, "आता यादी बंद. मागवा आणि जोडा."

माल आला. मुलगा सांगे, चिठ्ठीवाले ऐकत, चिठ्ठीवर लिहीत, बांधत, जोडत. एका दुपारी फक्त पडद्याची केबल उरली. ती कार्डात खोचली की मोटारी पळणार. आणि संध्याकाळी काय होणार, तेही त्यांना पाठ होतं: "चालू झाला? छान. बरंय, ठेवतो."

त्यांनी केबल कार्डात न खोचता शेजारी मदरबोर्डच्या भोकात खोचली. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाकुट्ट. पस्तीस वर्षांत जाणूनबुजून चुकीच्या खणात ठेवलेली ही पहिली वस्तू.

संध्याकाळी त्यांनी तक्रार नोंदवली. "पडद्यावर काहीच येत नाही रे."

"व्हिडिओ लावा. मागची बाजू दाखवा. अजून जवळ… थांबा."

केबलला दोऱ्याने चिठ्ठी लोंबत होती. चिठ्ठीवाल्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'पडदा. ग्राफिक्स कार्डातच खोचणे. मदरबोर्डात खोचल्यास काही दिसणार नाही.'

चिठ्ठीवाल्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला, पण उशिरा.

मुलाने ती तोवर वाचली होती. मग त्याने घसा साफ केला.

"बाबा, हे जरा किचकट दिसतंय."

"हो का?"

"घाईने नाही व्हायचं. उद्या रॅम काढून बघू. परवा पॉवर सप्लाय."

"आणि तेरवा?"

"बघू ना. तोवर कशाला हात लावू नका. गोळी घेता ना?"

"घेतो."

फोन बंद झाला. चिठ्ठीवाल्यांनी कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर 'दुरुस्ती चालू. हात लावू नये' असं लिहिलं आणि कॉम्प्युटरला दुहेरी गाठीने बांधली. मग खोलीभर नजर फिरवली. हात लावायला घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी त्यांनी गाठ आणखी एकदा ओढून पाहिली.