चार मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे आणि मी चुकीचे मोजते. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. पूर्वी ते कोणी मला विचारले नाही, आणि त्यात एका मुलीचे फार नुकसान झाले.

माझी लांबी पन्नास सेंटिमीटर होती. आता ती एकोणपन्नास सेंटिमीटर आणि सहा मिलिमीटर आहे. घाटकोपरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागिराने सागाची फळी रंध्याने तासली, तिच्यावर एकेका मिलिमीटरची बारीक रेघ पाडली आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. मला उजेडात धरून तो म्हणाला, "ही खोटं बोलायची नाही." त्याचे ते बोलणे मी कितीतरी वर्षे अभिमानाने जपले होते.

माझ्यासोबतच्या अकरा बहिणींसह मी कांजूरमार्गच्या एका कॉलेजात गेले. ते कॉलेज एका कडक ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, होते. बायबलमधला शब्दन् शब्द जसाच्या तसा खरा, असे ती मंडळी मानत असे. तिथे सिनेमा वर्ज्य होता, कानातले वर्ज्य होते, मुलांचे केस कॉलरला टेकलेले चालत नसत. रोज सकाळी आधी उपासना आणि मग तास. वारा फिरला की जवळच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास थेट उपासनामंदिरात येई, पण गाणी थांबत नसत. ती माणसे वाईट नव्हती. कोणाच्या घरी आजारपण आले तर सगळे कॉलेज डबे घेऊन धावत असे.

प्रयोगशाळेत प्रेमा साळवे या बाई पदार्थविज्ञान शिकवत. त्यांचे वडील याच कॉलेजचे पहारेकरी होते. बाईंचे शिक्षण इथेच फुकट झाले, नोकरी इथेच लागली आणि राहायला आवारातली वडिलांचीच खोली मिळाली. "कॉलेजने मला माणूस केलं," असे त्या नेहमी म्हणत. दरवर्षी पहिल्या तासाला त्या मला हातात घेऊन मुलांना सांगत, "पट्टीच्या टोकापासून मोजू नका. टोकं झिजतात. एकच्या रेघेपासून सुरू करा आणि शेवटी एक वजा करा." मुले माना डोलवत आणि पुन्हा टोकापासूनच मोजत. बाई हसत.

आता मी फाटकावर कशी गेले ते ऐका.

मुलींच्या गणवेशाच्या स्कर्टला नियम होता, गुडघ्याखाली चार बोटे. तपासायला फाटकावर सुंदराबाई उभ्या राहत. त्या कॉलेजात साफसफाई करत आणि त्यांची बोटे चांगली जाडजूड होती. मुली आपसात म्हणत, "आज सुंदराबाई आहेत गं, वाट लागली." सुंदराबाई सुट्टीवर गेल्या की लायब्ररीच्या बाई येत. त्यांची बोटे काड्यांसारखी, त्यामुळे त्या दिवशी सगळ्या मुली पास होत.

प्रेमाबाईंना हा अन्याय वाटला. त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "सर, बोटं प्रत्येकाची वेगळी. पट्टी सगळ्यांना सारखी." प्राचार्य नंदकिशोर शिरसाठ हे मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरूही होते. त्यांना ही कल्पना आवडली. आठवड्याभरात सूचना लागली: स्कर्टची कड जमिनीपासून पंचवीस सेंटिमीटरपेक्षा वर नसावी. तीनदा नियम मोडल्यास नाव काढले जाईल. खाली लिहिले होते, 'पूर्वीपासूनच्या प्रथेप्रमाणे'. सूचना कालची असली तरी तळाला ही ओळ असेच. पुढे पंचविसाचे बावीस झाले, बाविसाचे पुन्हा पंचवीस झाले, आणि प्रत्येक वेळी ते पूर्वीपासूनच होते.

म्हणजे मित्रांनो, मला फाटकावर न्यायासाठी नेले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण हेही खरे की मला तिथे आवडू लागले. प्रयोगशाळेच्या खणात मी बारा जणींतली एक होते. फाटकावर मी एकटी होते आणि मला पाहून मुली गप्प होत.

मुली चपला काढून काळ्या फरशीवर उभ्या राहत. तपासणीचे काम आता प्रेमाबाईंकडे आले होते; त्या मला जमिनीवर उभी टेकवत आणि कड कुठे येते ते पाहत. म्हणजे बाई रोज टोकापासून मोजत होत्या. रांगेत गडबड झाली की त्या मला फरशीवर ठोकत. टक, टक, टक. दुसऱ्या वर्षी माझ्या खालच्या टोकाची पितळी टोपी निखळून गटारात गेली. मग नुसते लाकूड फरशीवर आपटू लागले. शून्याचा आकडा आधी अर्धा झाला आणि मग दिसेनासा झाला. हे मला जाणवत होते. मला हेही कळत होते की मी आता प्रत्येक कड आहे त्यापेक्षा चार मिलिमीटर वर दाखवते. पण पट्टीला कोण विचारतो?

तेव्हा तेजल वाघमारे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. घाटकोपरची मुलगी, बोलायला फटकळ आणि प्रयोगात सर्वांत नीटनेटकी. तिचे वडील सहदेव मंडळीत पेटी वाजवत. तेजल आपला स्कर्ट स्वतः शिवत असे, आणि तिने कड बरोबर पंचवीसवर घेतली होती. कापड जास्त नव्हते. मी दाखवले पंचवीस पूर्णांक चार. पहिला लाल शेरा. जूनअखेर दुसरा शेरा. जुलैत ती तिसऱ्यांदा माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा प्रेमाबाईंच्या शेजारी प्राचार्य उभे होते.

"पंचवीस चार," बाई म्हणाल्या.

"बाई, मी काल रात्री टेपने मोजलंय. पंचवीसच आहे."

"पट्टी काय दाखवते ते बघ ना तू."

तेजल खाली वाकली. तिने कड पाहिली नाही, माझे टोक पाहिले. "बाई, हिचा शून्य कुठाय? टोक झिजलंय बघा. तुम्हीच शिकवलंत, टोकापासून मोजायचं नाही."

मागच्या मुली कुजबुजल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या हातात होते, म्हणून मला कळले की त्यांना पटले आहे. त्यांची पकड सैल झाली होती. फक्त मला उलटे करायचे होते. माझे दुसरे टोक शाबूत होते. मला उलट टेकवले असते तर कड बरोबर माझ्या मध्यावर, पंचविसाच्या रेघेवर आली असती. एका सेकंदाचे काम होते.

"काय म्हणतेय ती?" प्राचार्यांनी विचारले.

बाईंची पकड पुन्हा घट्ट झाली. "काही नाही, सर," त्या म्हणाल्या. "तेजल, फाटकावर वाद घालायचा नाही."

त्याच दिवशी तिचे नाव काढले गेले. दाखल्यावर लिहिले, 'वर्तणूक असमाधानकारक'. सहदेव दुपारभर ऑफिसबाहेर बाकावर बसून होते. संध्याकाळी बाईंनी मला प्रयोगशाळेत नेले आणि नव्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवले. चार मिलिमीटर. त्यांनी तीनदा मोजले, एकच्या रेघेपासून, अगदी शिकवतात तसे. मग मला खणात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर माझी बहीण नेली. कोणाला काही बोलल्या नाहीत. खणाच्या अंधारात माझा अभिमान हळूहळू गेला आणि त्या जागी जे आले ते अजून आहे.

चार वर्षे गेली. मुले कमी येऊ लागली. शेजारच्या कॉलेजात जीन्स चालते आणि इथे पट्टी, असे पालक म्हणू लागले. एका सोमवारी नवी सूचना लागली: विद्यार्थ्यांनी सभ्य पोशाख करावा. बस, एवढेच. खाली लिहिले होते, 'पूर्वीपासूनच्या प्रथेप्रमाणे'.

नव्या पालकांची सभा प्रयोगशाळेतच होती. मी खणातून ऐकत होते. कोणीतरी विचारले, इथे म्हणे मुलींचे कपडे मोजतात? प्राचार्य हसून म्हणाले, "छे हो. आपण कधी मोजत नव्हतो. अफवा आहेत." प्रेमाबाई माझ्याच टेबलाशी उभ्या होत्या. त्यांचा हात खणाच्या मुठीवर होता. तो तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात तेजल आली. नाव निघाल्यावर तिला दोन वर्षे कुठे प्रवेश मिळाला नव्हता. मग बाहेरून परीक्षा देऊन तिने पदवी पूर्ण केली होती. आता तिला बी.एड. करायचे होते, पण तो जुना दाखला पाहून एका कॉलेजाने तिचा अर्ज परत पाठवला होता. पुढच्या प्रवेशाला पंधरा दिवस उरले होते. ती आधी प्राचार्यांकडे गेली आणि तिथून सरळ प्रयोगशाळेत आली.

"सर म्हणतात, त्या वेळी नियम होता, शेरा राहणार," ती म्हणाली. "नियम गेला, पण शेरा जात नाही. झकास ना, बाई?"

"बस जरा, तेजल."

"बसायला नाही आले मी. तुम्हाला माहीत होतं का, एवढंच सांगा."

बाईंनी खण उघडला आणि मला टेबलावर ठेवले. "हो," त्या म्हणाल्या. "त्या सकाळीच माहीत होतं. मला माफ..."

"पत्र द्या," तेजल मधेच म्हणाली. "माफीचं नंतर बघू."

बाई मला आणि स्टीलच्या पट्टीला घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. दोघींना शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. प्राचार्यांनी वाकून दोघींच्या रेघा जुळवून पाहिल्या.

"हे तुम्हाला कधी कळलं, बाई?"

"त्याच दिवशी."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही शेजारी होता. आणि कॉलेजची लाज जाईल असं वाटलं."

"आता नाही का जाणार?" प्राचार्य हळू आवाजात म्हणाले. ते रागावले नव्हते, थकलेले वाटत होते. "एकीला पत्र दिलंत तर बाकीच्या रांग लावतील."

"लावू दे. रांगेत उभं राहायची सवय त्यांना आपणच लावलीय."

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. ती खोली कॉलेजची आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको."

"माझा जन्मच तिथला आहे, सर. मला माहीत आहे कोणाची आहे ती."

त्यांनी तिथेच बसून लिहिले: 'कुमारी तेजल सहदेव वाघमारे हिच्या स्कर्टचे माप नियमात होते. चुकीचे माप मी घेतले. ते चुकीचे आहे हे मला त्याच दिवशी कळले होते, तरी मी गप्प राहिले.' खाली सही केली आणि प्रत तेजलच्या हातात दिली.

बाराव्या दिवशी कॉलेजने तेजलला नवा दाखला दिला. त्यावर 'वर्तणूक चांगली' एवढेच होते, कारण लिहिले नव्हते. बाईंना महिनाअखेर खोली सोडायला सांगितले. त्या कॉलेजवर शेवटपर्यंत रागावल्या नाहीत. निघताना त्यांनी उपासनामंदिराची पायरी झाडली आणि मला पिशवीत घेतले.

आता तेजल शाळेत शिकवते आणि घाटकोपरला मेट्रोच्या पुलाजवळ एका मोबाइलच्या दुकानावर तिचा प्रयोगांचा वर्ग चालतो. मी तिथेच असते; बाईंनीच मला तिथे आणून दिले. दर शनिवारी प्रेमाबाई मुलुंडहून येतात आणि मुलांच्या वह्या तपासतात. तेजल त्यांना चहा देते. माफीबद्दल दोघी अजून काही बोललेल्या नाहीत.

वर्ग सुरू झाला की तेजल पहिल्या दिवशी काही न सांगता मला मुलांच्या हातात देते. मुले मला लावून एक लाकडी ठोकळा मोजतात, मग स्टीलच्या पट्टीने मोजतात आणि गोंधळतात. मग कोणीतरी माझे टोक बघते.

यंदा सई नावाच्या सातवीतल्या मुलीने ते सर्वांत आधी पाहिले. तिने विचारले, "मॅडम, ही पट्टी खरंच कुठे वापरात होती?"

"होती."

"मग झिजलीय हे कोणालाच दिसलं नाही?"

तेजल फळा पुसत राहिली. मागच्या बाकावर वही तपासणारे पेन थांबले.

"मला दिसलं होतं," प्रेमाबाई म्हणाल्या. "मी तिला उलटी केली नाही."

सईला ते नीट कळले नसावे. तिने मला उचलले, फिरवले, शाबूत टोक टेबलावर टेकवले आणि पन्नासातून आकडा वजा करत ठोकळा पुन्हा मोजला. "आता बरोबर येतंय," ती म्हणाली. तेजलने डस्टर खाली ठेवले आणि बाईंच्या रिकाम्या पेल्यात न विचारता आणखी चहा ओतला.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारखीला हातात घेऊन तुम्ही कोणासमोर उभे राहाल, तेव्हा आधी माझे टोक पाहा. आणि समोरचे कोणी 'शून्य कुठाय' असे विचारले, तर मला उलटे करा. मला स्वतःहून उलटता येत नाही.