पाहुण्याला पुठ्ठा कसा घालू

सान इग्नासिओ गावात संताच्या सणाला नाचणाऱ्याची पत त्याच्या मुकुटावरून ठरते. सेरापिओ नोसांचा मुकुट त्यांच्या वडिलांनी बांधलेला, निळ्या गळ्याच्या मकाव पोपटांच्या शेपटीची बत्तीस लांब पिसं. तो डोक्यावर चढवून, हातात लाकडी कोयता घेऊन म्हातारा सेरापिओ एकेचाळीस सण नाचला होता. तो वाकला की पिसं अशी सळसळायची की चर्चच्या पायऱ्यांवरच्या बायका बोलायच्या थांबत.

त्याच मुकुटावर त्यांची नात लुदिविना टपून बसली होती. पंधरा वर्षांची, तोंडाने फटकळ, शाळेच्या पक्षीमंडळाची पुढारीण. हे मकाव जगात उरलेत काहीशे, तेही सगळे आपल्याच ताडांच्या राईंत, हे तिने घरोघर इतक्यांदा सांगितलं होतं की लोक तिला लांबून बघूनच म्हणायचे, "हो गं बाई, काहीशे." तरी तिने बाजी मारली. अकरा नाचणाऱ्यांनी खरे मुकुट दिले आणि मंडळाने रंगवलेले पुठ्ठ्या-कापडाचे घेतले. राहिले आजोबा.

"माझ्या मुकुटातले पक्षी केव्हाच मेलेत," ते म्हणाले. "मी पुठ्ठा घातला तर उठून बसणारेत का?"

"ते नाही उठणार. पण तुमचा बघून नवे नाचणारे तसाच मागतात. एकाला किती पक्षी लागतात?"

"सोळा."

"मग? शाळेत काचेच्या कपाटात राहील, आजोबा. खाली पणजोबांचं नाव."

म्हातारा ताटलीतला कुस्करलेल्या केळ्याचा मसाको चिवडत राहिला. "कपाट कबूल करणाऱ्या त्या पक्षी-कचेरीच्या साहेबाचा शब्द मी धरत नाही. तू सांगतेस?"

"मी सांगते."

मग त्यांनी मुकुट तिच्या हातात दिला. साहेबाच्या पेटीत तो तिनेच ठेवला.

सणाच्या दिवशी भर दुपारी बाराही जण नाचत निघाले. घामाने निळा रंग सुटून आजोबांच्या मानेवर ओघळत होता, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. बारा मुकुट आणि एकही खरं पीस नाही! तिला नुसतं उडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मांडवात साहेबाने राजधानीतून आलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. खऱ्या पिसांचा. डावीकडचं तिसरं पीस मासे धरायच्या दोरीने सांधलेलं होतं, आणि तो सांधा लुदिविनाने लहानपणापासून पाहिला होता. पाहुणा पिसं डोलवत पक्षी वाचवण्यावर बोलू लागला.

ती मांडवाच्या मागून साहेबापाशी पोचली. "हा तर कपाटातला."

"कपाटाला काच कुठे आलीय अजून?" साहेब हळूच म्हणाला. "आणि पोरी, एवढ्या मोठ्या पाहुण्याला पुठ्ठा कसा घालू?"

इकडे नाचणारे मांडवासमोर आले होते. रीतच आहे, आधी संताला वाकायचं, मग पाहुण्यांना. आजोबांनी मान वर करून पाहिलं. मग ते वाकले, पिसं मातीला टेकेपर्यंत, आपल्याच बापाच्या मुकुटासमोर. पुठ्ठ्याचा कसलाच आवाज झाला नाही.

दुसऱ्या सकाळी अकराही जण दारात. शेजारच्या कास्तुलोने आपला पुठ्ठ्याचा मुकुट लुदिविनाच्या पायाशी ठेवला. "हा घे. तुझ्या पाहुण्याला शोभत नाही तो आम्हाला कसा शोभेल?" मग आजोबांकडे वळून म्हणाला, "सेरापिओकाका, मकावांची घरटी कुठल्या राईत आहेत ते तुम्हालाच ठाऊक."

"आजोबा, नका ना सांगू," लुदिविना म्हणाली.

"तू सांगितलंस, मी ऐकलं," आजोबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आता माझी पाळी."

त्यांनी काठीने अंगणातल्या मातीत नदी काढली, नदीपलीकडचा गुरांचा गोठा काढला, आणि तिथून उत्तरेला तीन ताड. लुदिविनाने धावत जाऊन पायाने सगळं पुसून टाकलं. पण तोवर अकराही जणांचं बघून झालं होतं.