आधी समोरच्याचं, मग आपलं

मी एक जुना लाकडी पोडियम आहे. भाषण करणारा माणूस ज्याच्यामागे उभा राहतो, पाण्याचा पेला ज्याच्यावर ठेवतो आणि घाबरला की ज्याच्या कडा घट्ट धरतो, तो मी. एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये, स्टेजच्या डाव्या अंगाला माझी जागा आहे. माझ्या कडांचं पॉलिश केव्हाच उडालं. तिथे आता घामेजल्या हातांची झिलई आहे. मित्रांनो, ती मला पॉलिशपेक्षा जास्त शोभते, असं माझं आपलं मत.

मला घडवणारा सुतार मोठा हौशी माणूस. रंधा मारता मारता गाणं म्हणायचा, आणि गाणं चुकलं की रंधाही चुकायचा. कॉलेजचे पहिले प्राचार्य ताडमाड उंच होते. सुतारानं त्यांचंच माप घेतलं आणि मला खुशाल बनवून टाकलं. जगात बुटकी माणसंही भाषणं करतात हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्यामुळे कितीतरी वक्त्यांचं लोकांना नुसतं कपाळ दिसलेलं आहे. एकदा एक पाहुण्या बाई बोलून खाली उतरल्या, तेव्हा पहिल्या रांगेतली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "अगंबाई, म्हणजे मागे खरंच कोणीतरी होतं!"

त्या उंच प्राचार्यांनी एक पद्धत घालून दिली. दर शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये वादसभा. ज्याला दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल, त्यानं आधी ते म्हणणं स्वतःच्या तोंडानं मांडायचं. समोरचा "हो, हेच म्हणायचं होतं मला" असं म्हणाला, की मगच आपलं सुरू करायचं. तोवर नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा! भले भले माझ्यामागे उभे राहून घाम पुसायचे. भांडायला आलेली दोन मुलं एकमेकांचं म्हणणं मांडता मांडता इतकी दमायची, की शेवटी भांडण राहायचं बाजूला आणि दोघं चहा प्यायला निघून जायची. ती वर्षं फार मजेची होती. माणसं माझ्यावर थोपटून म्हणायची, "यानं किती जणांना बोलतं केलं!" मी फुलून जायचो. लाकूड फुगतं ते काही नुसतं दमट हवेनंच नाही.

मग एक वाईट दिवस आला.

दूर एका रस्त्यावर देवदर्शनाला निघालेली बस काही बंदूकवाल्यांनी अडवली. एकेकाला नाव विचारलं, आणि हिंदू आहेत एवढ्याच कारणासाठी माणसांना खाली उतरवून मारलं. त्यात आमच्या कॉलेजातल्या एका मुलीचा मामा होता. दुसऱ्या वर्षाची मुलगी, आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे.

चिमणी काही दिवसांनी वर्गात आली. इतिहासाच्या सरांचा तास होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझ्या मामाला नाव विचारून मारलं." सर गडबडले. वर्गात नाना धर्मांची मुलं बसलेली. कोणाला काही लागेल, कोणी काही बोलेल, या भीतीनं ते घाईघाईनं म्हणाले, "वाईट झालं. पण इथे धर्म आणायचा नाही. चला, पुढचं पान उघडा."

शुक्रवारचा नियम मुलांना शिकवायचे ते हेच सर. आणि त्यांनीच मुलीचं बोलणं असं अर्ध्यावर मिटवून टाकलं.

कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं, आणि वाटेत त्याला शेपट्या फुटल्या. सर म्हणे मारेकऱ्यांची बाजू घेतात! दुसऱ्या दिवशी गेटवर घोळका जमला, "सरांना काढा!" कॉलेजातल्याच काही मुलांनी उलट आवई उठवली की चिमणी द्वेष पसरवते. आताच्या प्राचार्यबाई हे बघून धास्तावल्या. त्यांनी वादसभा बंद केली, हॉलला कुलूप घातलं आणि माझ्यावर एक जाड टेबलक्लॉथ टाकला. मी गप्प झालो की गाव गप्प होईल, असं त्यांना वाटलं असावं. झालं भलतंच. हॉलमध्ये जे निवांत बोललं गेलं असतं, ते जिन्यावर आणि नळापाशी ओरडून बोललं जाऊ लागलं.

एका दुपारी बाई मारल्या गेलेल्या प्रवाशांच्या शोकसभेची जागा ठरवायला हॉल उघडून आल्या. बरोबर सर होते. मागोमाग चिमणी शिरली, आणि तिनंच विचारलं,

"बाई, शोकसभेत काय वाचणार आहात?"

"हेच गं, काही प्रवाशांचं दुर्दैवी निधन झालं..."

"निधन आजारानं होतं, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "वातावरण तापलंय बाळ. जरा निवळू दे."

"मामा हिंदू होता म्हणून मारला. घरी आई तेवढंच म्हणते आणि गप्प बसते. त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर आलेली नाही. ती म्हणते, बाहेर कोणाला ते ऐकायचंच नाहीये. मला एकदा इथे उभं राहून ते सांगायचंय. आईसमोर. बस."

सर इतका वेळ खिडकीशी उभे होते. ते कडवटपणे म्हणाले, "आणि गेटवरच्या लोकांचं काय? मला शिव्यांचे फोन येतात. म्हाताऱ्या आईच्या हाती लागू नये म्हणून फोन पिठाच्या डब्यामागे ठेवलाय मी."

"त्यांना मी नाही बोलावलं, सर. तुम्हाला काढा असं मी कधीच म्हटलं नाही."

"माहीत आहे मला," सर हळूच म्हणाले.

"मग शुक्रवारी याल? नियमानं?"

सरांनी खिडकीची कडी उगाच काढली, पुन्हा लावली. मी कापडाखाली श्वास रोखून होतो, म्हणजे लाकूड जेवढा रोखू शकतं तेवढा. शेवटी सर कसनुसं हसले. "नियम शिकवणारा मीच. आता नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

"तुम्ही दोघं मिळून माझी खुर्ची घालवणार," असं म्हणत बाईंनी माझ्यावरचा टेबलक्लॉथ ओढून काढला. काय सांगू मित्रांनो, इतकं मोकळं वाटलं!

शुक्रवारी हॉल गच्च भरला. चिमणीची आई शेजारणीचा हात धरून आली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसली. गेटवरचे लोकही घुसले. त्यांचा पुढारी तावातावानं माझ्यामागे येऊन उभा राहिला.

बाई म्हणाल्या, "बोला की. पण आधी सरांचं म्हणणं सांगा."

"सरांचं म्हणणं... सर म्हणजे काय... ते असं की..." त्यानं माझ्या कडा धरल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या.

"नेमकं काय म्हणाले होते सर?"

"ते आम्ही पूर्ण नाही बघितलं."

"मग बसा. ऐकून घ्या, नंतर पुन्हा या."

मग आला आमच्याच कॉलेजातला एक मुलगा. त्याला सगळे विचारवंत म्हणत, आणि त्याला ते खरंच वाटायचं. चिमणी द्वेष पसरवते ही त्याचीच आवई. त्यानं चिमणीचं म्हणणं म्हणून इतके जडजड शब्द माझ्यावर आदळले, की मला वजन जाणवलं. चिमणी म्हणाली, "दादा, यातलं मला एक अक्षर कळलं नाही. म्हणजे ते माझं नसणार." हॉल खो खो हसला. तोही लाजून हसला आणि खाली गेला.

मग सर आले. ते पाणी प्यायले आणि चिमणीकडे बघून म्हणाले, "हिचं म्हणणं असं, की हिचे मामा एका हल्ल्यात गेले."

"एवढंच नाही, सर."

"हिच्या मामांना बसमधून उतरवून मारलं."

"का मारलं, सर?"

सरांनी माझ्या कडा धरल्या. किती घट्ट, ते फक्त मला कळलं. ते म्हणाले, "त्यांना नाव विचारलं. ते हिंदू होते म्हणून मारलं. दुसरं काही कारण नव्हतं. हे ती वर्गात सांगत होती आणि मी तिला पुढचं पान उघडायला लावलं."

चिमणीचे डोळे भरून आले होते. "हो सर," ती म्हणाली. "हेच म्हणायचं होतं मला."

भिंतीकडेच्या खुर्चीवर आईनं पदर तोंडाशी धरला. पण तिची मान वर होती.

आता चिमणीची पाळी. ती माझ्यामागे आली आणि दिसेनाशी झाली. "बाजूला ये गं!" कोणीतरी ओरडलं. मग ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, एक हात माझ्यावर टेकवून. "सरांचं म्हणणं असं, की ज्यांनी मामाला मारलं त्यांचा धर्म सांगून माझ्या वर्गातल्या मुलांना कोणी बोट लावू नये. त्यांनी काही केलेलं नाही. त्या भीतीनं सर मला गप्प करून बसले."

"हो," सर म्हणाले. "हेच."

"मग ते मलाही मान्य आहे. माझ्या बाकावर बसते ती मैत्रीण वेगळ्या धर्माची आहे. मामाची बातमी कळली तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती."

ती मैत्रीण दुसऱ्या रांगेत होती. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "रडवू नकोस गं आता."

"बरं, मग हसवते. मामाचं सांगते. माझा मामा कोणाच्याही घरी गेला की चपला घेऊन जायचा. माप न विचारता! एकदा आईला इतक्या मोठ्या आणल्या, की त्यात आई आणि मी दोघी..."

"खोटं नको सांगू!" भिंतीकडून आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. आई उभी राहिली होती. "मोठ्या नव्हत्या काही. दोन्ही डाव्या पायाच्या होत्या! आणि मला म्हणतो कसा, ताई, तू एका कुशीवर झोपतेस ना, मग एका पायावर चालायला काय हरकत आहे?"

आधी सर हसले. मग बाई. मग पुढारी, विचारवंत, गेटवरचे, बाकांवरचे, सगळे. आणि त्या हसण्यात आई स्वतः हसत होती, डोळे पुसत आणि हसत. चिमणी धावत गेली आणि तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. आईनं दोन्ही हात माझ्यावर ठेवले. म्हणाली, "अहो, चपलांचं तर काहीच नाही. एकदा तो आमच्याकडे कुत्रा घेऊन आला..." आणि अशी बोलत सुटली, की तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. शोकसभेत काय वाचायचं ते बाईंनी बसल्या जागी बदललं, आणि माणसं का मारली गेली त्या कारणासकट बदललं. सर अजून तिथेच शिकवतात.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. तुमच्याही शाळेत माझ्यासारखा कोणीतरी कोपऱ्यात असेल. त्याच्यावर अधूनमधून फडकं मारा, वाळवी लागू देऊ नका, स्क्रू ढिले झाले तर आवळा. एवढं केलंत तरी तो तुम्हाला दुवा देईल. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. त्याच्यामागे कोणी जड मनानं येऊन उभं राहिलं, तर त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. त्याच्या दुःखाचं जे नाव आहे, तेच नाव त्याला घेऊ द्या. मग बघा, तोच माणूस तुम्हाला पोट धरधरून हसवूनही जाईल.